पन्नास शर्यती आणि शून्य चॅम्पियनशिप

नॅसकार म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कार शर्यत. दिसायला साध्या गाड्या, तासन् तास गोल गोल. (यात काय मजा, असं आपल्याला वाटतं. त्यांना पाच दिवसांच्या टेस्टबद्दल तेच वाटत असणार. फिट्टमफाट!)

तर यातला ज्युनियर जॉन्सन. १९३१ चा जन्म, गाव नॉर्थ कॅरोलायनात, घरचा धंदा हातभट्टीचा. पोरवयापासून रात्री दारू पोचवायची, म्हणजे ड्रायव्हिंगची शाळा फुकट. रस्त्यावर पठ्ठ्या कधी सापडला नाही; सापडला तो १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर. अकरा महिने आत. रेगनने माफी दिली, पण थेट १९८६ मध्ये.

मला आवडतो तो १९६० च्या डेटोना ५०० चा किस्सा. त्याची शेवरोले पॉन्टिअकपेक्षा चांगलीच हळू होती. सरावात त्याला कळलं, की पॉन्टिअकच्या शेपटीला चिकटून राहिलं की आपलीही गाडी तेवढीच पळते, कारण हवा कापायचं काम पुढचा करतो. शर्यतीत हेच केलं आणि जिंकला. ड्राफ्टिंग म्हणतात ते हेच. डिग्री नसलेला इंजिनिअर, दुसरं काय!

१९६६ मध्ये, पस्तिशीत, ड्रायव्हिंग सोडलं. ५० विजय, चॅम्पियनशिप एकही नाही. मग टीमचा मालक झाला आणि सहा मिळवल्या: केल यारबरोसोबत १९७६, ७७, ७८ आणि डॅरेल वॉल्ट्रिपसोबत १९८१, ८२, ८५.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण म्हणजे अप्रेझल. टीम लीड की टेक्निकल, हे मला सोमवारी सांगायचंय. घरचे म्हणतात, विचार कसला करतोस, हो म्हण! जॉन्सनचे आकडेही तेच सांगतात. पण तो काही एक्सेल शीट भरायला मॅनेजर झाला नव्हता. त्याचे हात शेवटपर्यंत इंजिनात होते. आमच्याकडचे लीड एडिटर उघडतात कधी?

आणि दुसरी बाजूही आहेच. अ‍ॅलन कुलविकी, चक्क मेकॅनिकल इंजिनिअर. स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. जॉन्सनने त्याला आपल्या टीममध्ये बोलावलं होतं, हा नाही म्हणाला. १९९२ ची शेवटची शर्यत अटलांटाला होती. ती जिंकली जॉन्सनच्या बिल इलियटने, पण कुलविकी १०३ लॅप आघाडीवर होता आणि इलियट १०२. सर्वात जास्त लॅप आघाडीवर राहणाऱ्याला पाच गुण जादा मिळायचे. चॅम्पियनशिप कुलविकीला, फक्त दहा गुणांनी!