राजधानी, हाफ तिकिटात!

खरं तर जायचं होतं आदिस अबाबाला. इथिओपियाची राजधानी, गल्लोगल्ली कॉफी, रात्री उशिरापर्यंत गाणंबजावणं आणि सोबत दोन जिवलग मैत्रिणी... प्लॅन एकदम जोरात होता. मग विमानाच्या तिकिटांचे आकडे पाहिले. व्हिसा, यलो फीव्हरची लस, आणि वर माझ्यासारख्या फ्रीलान्सरचा बँक बॅलन्स! ग्रुपवरची चर्चा आपोआप थंडावली. पण सुट्टी तर काढलेली होती. म्हटलं, राजधानीच बघायची ना? मग खिशाला परवडेल अशी शोधू.

सापडली. तीही महाराष्ट्रात. वाशीम!

हसलात ना? माझ्या ओळखीची एक संपादकही हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, ‘‘वाशीम? म्हणजे शेतकरी आत्महत्यांवर करतेयस का?’’ तिचा तरी काय दोष? २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशीम होता. २०१८ मध्ये नीती आयोगाने ‘आकांक्षित’, म्हणजे मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी काढली, त्यातही वाशीम होता. पेपरात हे नाव येतं ते असंच. मी मात्र ठरवलं होतं, फिरायला चाललेय तर फिरायचं. तीन दिवस, तीन हजार रुपये.

घाट चढून राजधानीत

मुंबईहून रात्रीच्या गाडीने अकोला, तिथून एसटी. मार्च २०२३ पासून एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बजेट सुरुवातीलाच खूश! पातूर सोडलं की घाट लागतो आणि गाडी पठारावर येते. जानेवारीचा महिना. दोन्ही बाजूंना तूर, हरभरा, मधूनच गहू. सोयाबीन केव्हाच निघालेलं.

गाडी गच्च. मी बॅग सांभाळत उभी, तर एका आजींनी सरकून जागा केली. ‘‘बस ना वं माय, उभी काहून हायेस?’’ पुढच्या पाच मिनिटांत माझं गाव, पगार आणि लग्न या तिन्ही विषयांची चौकशी पूर्ण झाली. पलीकडे बसलेली एक मुलगी हे ऐकून हसत होती. पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करते, सणाला घरी चालली होती. तिने विचारलं, ‘‘ताई, वाशीमला कोणाकडे?’’ कोणाकडेच नाही, फिरायला चाललेय, म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना. ‘‘आमच्या इथं बघायला काय आहे?’’

पुढे हळूच म्हणाली, ‘‘पुण्यात होस्टेलवर विचारलं ना, तर मी अकोल्याजवळची असं सांगते. वाशीम म्हटलं की अजून चार प्रश्न.’’

तांब्याच्या पत्र्यावरची राजधानी

आता तुम्हालाही तोच प्रश्न पडला असेल, राजधानी कोणाची? तर वाकाटकांची. त्यांच्या एका शाखेने चौथ्या शतकात इथून राज्य केलं. तेव्हा गावाचं नाव होतं वत्सगुल्म. पहिला राजा सर्वसेन हा स्वतः कवी, प्राकृतात काव्य लिहिणारा. १९३९ मध्ये वाशीमला ताम्रपट सापडले, सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचे. हुकूम सुटलाय वत्सगुल्महून, दान दिलंय नांदेडच्या बाजूचं एक गाव. काही मजकूर संस्कृतात, बाकीचा प्राकृतात.

आणि अजून एक भन्नाट गोष्ट. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखर नावाच्या पंडिताने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. त्यात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या ही जोडी देशभर फिरते आणि शेवटी गांधर्वविवाह करते तो वत्सगुल्ममध्ये. वर तो या गावाला मदनाचं क्रीडास्थान म्हणतो! म्हणजे साहित्याच्या दुनियेतलं हे गाजलेलं लव्ह मॅरेज चक्क वाशीमला लागलं.

एवढं वाचून गेलात तर पहिल्या तासात निराश व्हाल, आधीच सांगते. किल्ला नाही, राजवाडा नाही, तिकीट खिडकी नाही. साध्या लॉजवर उतरले. मॅनेजरने ‘‘सोबत कोण?’’ हे दोनदा आणि आधार कार्ड तीनदा बघितलं. मग चालत सुटले. बालाजीचं देऊळ अठराव्या शतकातलं, भोसल्यांच्या पदरी असलेल्या भवानी काळूंनी बांधलेलं. वाकाटकांनंतर हजारेक वर्षांहून जास्त उलटल्यावरचं. पद्मतीर्थावर थोडी टेकले. मध्यमेश्वराच्या देवळात कळलं की पृथ्वीची मध्यरेषा इथूनच जायची, असं गाव मानतं. सांगणाऱ्या काकांच्या आवाजात शंकेला जागाच नव्हती.

बाकी रस्त्यावर नुसती गजबज. हॉर्न, बियाण्यांची दुकानं, कोचिंग क्लासचे बोर्ड, आलूबोंड्याच्या कढया. एका कढईपाशी दहा मिनिटं उभी राहिले तर सोयाबीनचा भाव, नगरपरिषदेचं राजकारण आणि रेल्वेचं टाइमटेबल, सगळं फुकटात कळलं. एसी गाडीतून आले असते तर यातलं काहीही ऐकू आलं नसतं.

रोडगे आणि अजिंठा

दुसऱ्या दिवशी बसमधल्या त्या मुलीचा फोन. आईने जेवायला बोलावलंय! गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण आणि वरून तुपाची धार. चौथ्या रोडग्याला मी हात वर केले तर माउली म्हणाल्या, ‘‘असं कसं? जेवल्याबिगर जाऊ देत नसते मी.’’ मी जेवलेच होते की!

जेवण झाल्यावर मुलीने विचारलं, ‘‘ताई, खरं सांगा. काय लिहिणार आमच्याबद्दल? आत्महत्याच ना?’’

घरात एकदम शांत झालं. दारात बसलेले तिचे वडील मान वर न करता म्हणाले, ‘‘तेही खरंच हाय पोरी. भाव पडला की काय होते, ते आपल्याले मालूम हाय. पर तेवढंच नाही.’’

मी त्यांना अजिंठ्याचं सांगितलं. सोळा नंबरचं लेणं वराहदेवाने दान केलं, तो इथल्याच हरिषेण राजाचा मंत्री. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याला जे अफाट काम झालं, त्यातलं बरंचसं या राजाच्या काळातलं. ज्या चित्रांसाठी जगभरातून लोक येतात, त्या काळातली राजधानी म्हणजे हे गाव.

मुलगी बघतच राहिली. ‘‘आमची शाळेची सहल गेली होती ना अजिंठ्याला! सोळा नंबरमध्ये फोटोपण काढलाय. कोणी सांगितलंच नाही.’’

मलाही शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. आपण सगळे अजिंठ्याला जाऊन आलो, पण तिथला राजा राहायचा कुठे, हे विचारायचं राहूनच गेलं.

निघताना ती मला स्टँडवर सोडायला आली. समोर ‘नांदेड’ पाटीची गाडी लागली होती. विंध्यशक्तीचा हुकूम बहुधा याच बाजूने गेला असेल. मी ते तिला म्हटलं, तर तिने पाटीसकट गाडीचा फोटो काढला. ‘‘ताई, ते ताम्रपटाचं आणि सोळा नंबरचं मला लिहून पाठवा. होस्टेलच्या ग्रुपवर टाकते.’’

माझ्याकडे सहाशे रुपये उरले होते. आदिस अबाबा अजून लिस्टवर आहे.

तुम्हालाही जायचंय?

* अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. अकोला–पूर्णा ब्रॉडगेज मार्गावर वाशीम स्टेशनही आहे. समृद्धी महामार्गाने आलात तर मालेगावला उतरा.
* थंडीत जा. उन्हाळ्यात वऱ्हाडाचं ऊन झेपणार नाही.
* एक दिवस जादा असेल तर कारंजा (नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, जुनी जैन मंदिरं) किंवा बंजारा समाजाची काशी पोहरादेवी. तिथलं नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत म्युझियम ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं.
* कोणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. आणि दुपारी नाश्ता टाळा!