सणात मुलाचं काम काय?

न्यूझीलंडमध्ये सहाव्या वर्षी शाळा सक्तीची होते, पण पाचवा वाढदिवस झाला की मुलाला शाळेत घालायचं ही इथली जुनी रीत. आता काही शाळा सत्राच्या सुरुवातीला मुलांना एकत्र घेतात. बाकीच्यांच्या पहिल्या वर्गात वर्षभर एकेक नवं मूल दाखल होत राहतं. दक्षिण ऑकलंडमध्ये ते सहसा एकटं येत नाही. आईवडील, आजी, मावश्या, चुलत-मावस भावंडं असा गोतावळा वर्गाच्या दारात उभा असतो. वर्षअखेरच्या बक्षीस समारंभात हीच मंडळी सामोअन आणि टोंगन मुलांच्या गळ्यात चॉकलेट-गोळ्यांचे इतके हार घालतात की हनुवटी झाकून जाते.

अशा वर्गांत मी शिकवते. इथे सण शोधत जावं लागत नाही, ते घरच्यांबरोबर आत येतात. मग शाळा एक ‘संस्कृती दिवस’ ठरवते, मुलं आपापल्या पोशाखात येतात, पालक पदार्थ आणतात, नाच होतो, फोटो निघतात. त्यातला आनंद खरा आहे आणि तो हवाच. पण मुलाच्या वाट्याला केवळ नटणं आणि खाणं आलं, तर सणाचा गाभा वर्गाबाहेरच राहतो. म्हणून मी घरच्यांना पोशाखाच्या आणि पदार्थाच्या आधी एक प्रश्न विचारते: या सणात तुमच्या मुलाचं काम काय असतं?

ऑक्टोबरचा दुसरा रविवार सामोअन मुलांचा. त्याला लोतु तामाइती म्हणतात. इंग्रजी नाव व्हाइट संडे, कारण मुलं पांढऱ्या कपड्यांत चर्चला जातात. त्या दिवशीच्या प्रार्थनेत मुलं पुढे असतात. बायबलमधली वचनं ती तोंडपाठ म्हणतात, गातात, गोष्टींची नाटुकली करतात. एरवी सामोअन घरात मान वडीलधाऱ्यांचा. पानं आधी त्यांची मांडली जातात आणि मुलं वाढायला उभी असतात. त्या दिवशी मोठी माणसं मुलांना वाढतात. टोंगन घरांत मुलांचा असाच रविवार मे महिन्याच्या सुरुवातीला येतो, त्याचं नाव फाका मे.

शिक्षिकेच्या दृष्टीने यात मोठा ऐवज आहे. वर्गात इंग्रजीची दोन वाक्यं बोलताना अडखळणारी मुलगी चर्चमध्ये भरगच्च सभेपुढे उभी राहून सामोअन भाषेत लांबलचक वचन न चुकता म्हणते. त्यासाठी तिने आजीजवळ बसून आठवडेच्या आठवडे पाठांतर केलेलं असतं. हे ठाऊक नसलेला शिक्षक तिच्या नावापुढे ‘बोलत नाही, लक्षात ठेवत नाही’ असं लिहून मोकळा होतो. ठाऊक असलेला तिला तेच वचन वर्गातल्या मित्रांना ऐकवायला सांगतो आणि वाचनाचे धडे तिथून सुरू करतो.

मातारिकीचं काम वेगळं. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. आपला कार्तिक महिना ज्या तारकांवरून ओळखला जातो, त्याच तारका इथे ऐन हिवाळ्यात पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागल्या की माओरी नववर्ष सुरू होतं. या दिवसाची सार्वजनिक सुट्टी पहिल्यांदा मिळाली २४ जून २०२२ रोजी. डॉ. रांगी मातामुआ या माओरी खगोल-अभ्यासकाचा त्यात मोठा वाटा आहे. तारीख चांद्र पंचांगावर ठरते, म्हणून २०२३मध्ये हा दिवस १४ जुलैला आला, तर २०२४मध्ये २८ जूनला. या समूहातली पोहुतुकावा ही तारका सरत्या वर्षात गेलेल्या माणसांशी जोडलेली आहे, आणि हिवा-इ-ते-रांगी ही येत्या वर्षाच्या इच्छांशी. गेलेल्यांची नावं मोठ्याने घेतली जातात, आणि मूलही आपल्या आजोबांचं नाव घेतं. मृत्यूबद्दल पाच वर्षांच्या मुलाशी कसं बोलावं, या विचाराने शिक्षक चाचरतात. माओरी कुटुंबांनी त्यासाठी वर्षातला एक दिवस आणि आकाशातली एक जागा राखून ठेवली आहे. तरीही सगळ्या माओरी घरांत एकच रीत आहे असं धरून चालता येत नाही. पश्चिमेकडच्या तारानाकी आणि व्हांगानुई भागातल्या जमाती पुआंगा ताऱ्यावरून, म्हणजे मृगातल्या राजन्यावरून, नववर्ष धरतात. म्हणून इथेही घरी विचारायचंच.

नियुए आणि कुक बेटांवरच्या घरांतला केस कापण्याचा सोहळा मराठी माणसाला लगेच जवळचा वाटतो. मुलाचे केस जन्मापासून वाढवलेले असतात. ठरलेल्या दिवशी हॉलमध्ये त्याला मध्यभागी खुर्चीवर बसवतात, केसांच्या बारीक बटा करून त्यांना रिबिनी बांधतात आणि एकेक नातलग येऊन एकेक बट कापतो, पैशांचा आहेर करतो. कोणी किती दिलं याची नोंद राहते, कारण त्यांच्या घरच्या कार्याला परतफेड करायची असते. नियुएच्या मुलींसाठी कान टोचण्याचा सोहळा असतो. आपलं जावळ मुलाला आठवत नाही. हा मुलगा मात्र जाणता असतो. त्याचं काम म्हणजे तासन् तास बसून आपली माणसं कोण, हे एकेकाच्या तोंडाकडे पाहून ओळखणं. नियुए बेटावर आज दोन हजारही माणसं राहत नाहीत. न्यूझीलंडमध्ये नियुअन वंशाचे तीस हजारांहून अधिक लोक आहेत. बेट मागे राहिलेल्या समाजात नात्यांची उजळणी अशाच कार्यांत होते. लांब वेणीवरून मैदानात कोणी त्याला ‘मुलगी’ म्हणून चिडवण्याआधी त्याच्या काकांनी वर्गात येऊन ही वेणी कशासाठी आहे ते सांगितलं, तर चिडवण्याची जागा कुतूहल घेतं.

आणि दिवाळी? आमच्या वर्गात ती भारतातून जितकी येते तितकीच फिजीतून येते. १४ मे १८७९ रोजी लिओनिडास जहाज पहिल्या गिरमिटियांना, म्हणजे करारबद्ध भारतीय मजुरांना, घेऊन फिजीला पोचलं. १९१६पर्यंत साठ हजारांहून अधिक लोक नेले गेले. उसाच्या मळ्यांत त्यांनी दिवाळी टिकवली आणि आज फिजीत त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. फिजी-हिंदी बोलणाऱ्या घरातलं मूल सांगतं, की मिठाईची ताटं शेजारी पोचवण्याचं काम त्याचं. त्याच्याशेजारी बसलेल्या मूळ फिजियन मुलाच्या आजीला ते ताट घेणं आठवत असतं. पॅसिफिकच्या वर्गात दिवाळी पाहुणी नाही.

काही बाबतींत जपून पावलं टाकावी लागतात. १८७७च्या कायद्यापासून इथल्या सरकारी प्राथमिक शाळांतलं शिक्षण धर्मनिरपेक्ष आहे. आपण काय केलं हे मुलाने सांगणं वेगळं आणि वर्गाकडून पूजा-प्रार्थना करवून घेणं वेगळं. ही रेघ शिक्षकाने सांभाळायची. यहोवाज विटनेसेस पंथातली कुटुंबं वाढदिवस आणि नाताळ पाळत नाहीत. त्यांच्या मुलाला कार्यक्रमाच्या वेळी ग्रंथालयात बसवून ठेवणं ही शिक्षाच. त्या घरालाही तोच प्रश्न विचारावा: तुमच्याकडे सगळे एकत्र जमतात तेव्हा याचं काम काय असतं? उत्तर मिळतं. शिवाय पोशाख आणि पदार्थ मागण्यात खर्च असतो, आणि दोन-दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईवर तो लादणं योग्य नाही. मुलाचं काम विचारायला मात्र कोणाचाही पैसा लागत नाही.

परदेशातल्या मराठी पालकांना म्हणूनच माझं सांगणं आहे. दिवाळीत शाळेत फराळाचा डबा जरूर द्या, पण शिक्षिकेला हेही सांगा, की आमच्याकडे दिवाळीत मुलं किल्ला करतात. दगडमाती गोळा करायची, बुरूज रचायचे, अळीव पेरून हिरवळ उगवायची, मावळे मांडायचे, ही सगळी जबाबदारी मुलांची, आणि मोठ्यांनी नुसतं कौतुकाने पाहायला यायचं. इथे दिवाळी वसंतात येते आणि शाळेत वाळूचा हौद असतोच. तुमच्या मुलाला त्यात किल्ला बांधू द्या आणि कोणी कोणता बुरूज रचायचा, हे सामोअन, नियुअन, माओरी मित्रांना त्यालाच ठरवून देऊ द्या.