पाळण्यातले पाय

पॉल जॉर्ज हा काही पडेल खेळाडू नव्हता. 2018-19 च्या हंगामात एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूसाठी झालेल्या मतदानात तो तिसरा आला होता. जुलै 2019 मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सनी त्याला ओक्लाहोमा सिटी थंडरकडून घेतलं आणि तो येतोय म्हणूनच कवाय लेनर्डही क्लिपर्सकडे आला. बदल्यात काय गेलं? डॅनिलो गॅलिनारी, ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीतल्या पाच निवडी, आणखी दोन वर्षं निवडींची अदलाबदल करण्याचा हक्क, आणि शे गिलजस-अलेक्झांडर नावाचा एकच हंगाम खेळलेला सडपातळ पोरगा. सामन्यामागे जेमतेम 11 गुण करणारा. मी तेव्हा क्लिपर्सच्या बाजूचा होतो. 2025 मध्ये थंडर विजेते झाले आणि तोच पोरगा लीगचाही आणि अंतिम मालिकेचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरी मला अजून क्लिपर्सना मूर्ख म्हणवत नाही, आणि का म्हणवत नाही हे धड सांगताही येत नाही.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. माझ्या आत्याची ही आवडती म्हण. आमच्या घराण्यात कुणाचंही काही भलं झालं, की ती हे वाक्य टाकायचीच. कुणी इंजिनिअर झालं, कुणाला फ्लॅट मिळाला, कुणाची बदली पुण्याला झाली. पाय तिला आधीच दिसलेले असायचे. आता बारशाला पाळण्याशी सगळ्यांत जवळ उभी असते ती आत्याच. नाव कानात सांगायचा मान तिचा. म्हणजे पाय बघायची संधी तिच्याइतकी दुसऱ्या कुणाला नाही, हे मान्य. पण मी कितीतरी बारशी पाहिली, आणि पाळण्यात वाकून एकीही आत्याने 'हा मुलगा पुढे अमुक होणार' असं जाहीर केल्याचं मला आठवत नाही. घुगऱ्या मऊ शिजल्यात की नाही याचीच चर्चा जास्त. म्हण निघते ती वीस-पंचवीस वर्षांनी, निकाल लागल्यावर. आणि ज्यांचं पुढे काहीच झालं नाही, त्यांच्या पायांबद्दल कुणी बोलत नाही. एकदा मी तिला धीर करून विचारलं, माझे काय दिसले होते गं? ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "तू पाय पोटाशी घेऊन झोपायचास."

एनबीएवाले मात्र पाय आधी बघतात, अगदी शब्दशः. ड्राफ्टच्या आधी मुलांना बोलावून त्यांची बुटांशिवाय उंची घेतात, पसरलेल्या हातांची लांबी घेतात, पंजा मोजतात, उडी मोजतात. 2007 मध्ये केव्हिन ड्युरंटला 185 पौंडांचं वजन छातीवरून एकदाही उचलता आलं नाही, याचा केवढा बभ्रा झाला होता. त्या वर्षी पहिला निवडला गेला ग्रेग ओडन, दुसरा ड्युरंट. ओडनचे गुडघे टिकले नाहीत. उभ्या कारकिर्दीत तो 105 सामने खेळला. जोएल एम्बीडचं तर पाऊलच ड्राफ्टच्या तोंडावर मोडलं. ते सगळ्यांना दिसत होतं. तो तिसऱ्या क्रमांकावर गेला, दोन हंगाम नुसता बसून राहिला, आणि 2023 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. यानिस आंतेतोकुम्पोची गंमत आणखी वेगळी. 2013 मध्ये पंधराव्या क्रमांकावर त्याला घेतलं, तेव्हा त्याची उंचीच पुरती वाढलेली नव्हती. तो ड्राफ्टनंतरही वाढत राहिला. पाळण्यातले पाय बघून काय कळणार, पायांचीच वाढ बाकी असेल तर?

मग सिद्ध खेळाडू घ्यावा. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं? इथे माझं मन थोडा वेळ रमतं, कारण आता माझं वयही त्याच बाजूचं आहे. पण सिद्ध झालेलं असतं ते मागचं. विकत घ्यायचं असतं पुढचं, आणि ते त्याच्याही बाबतीत कुणी पाहिलेलं नसतं. 2013 मध्ये ब्रुकलिन नेट्सनी बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स घेतले, एक 37 वर्षांचा आणि दुसरा 35 चा. दोघांच्या मोठेपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. नेट्सनी त्यांच्या जिवावर एक प्लेऑफ मालिका जिंकली, वर्षाने पिअर्स निघून गेला. बॉस्टनला मिळालेल्या निवडींमधून पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम उभे राहिले आणि 2024 मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं. तेव्हा एका पारड्यात अंदाज आणि दुसऱ्यात खात्री, अशी मांडणी मुळातच खोटी. दोन्हीकडे अंदाजच.

हे लिहिताना मला राहून राहून व्लादे दिवाच आठवतोय. कोबी ब्रायंटच्या सौद्याच्या गोष्टीत त्याला कुणी फारसं विचारत नाही. 1996 मध्ये शार्लट हॉर्नेट्सनी ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर कोबी ब्रायंट घेतला आणि लेकर्सना देऊन टाकला. बदल्यात आला दिवाच. सात फुटी सर्बियन सेंटर, पासिंग सुरेख, लेकर्सकडे सात वर्षं खेळलेला. कोबीला अठरावं पूर्ण व्हायचं होतं. सौद्याची कुणकुण लागल्यावर दिवाच म्हणाला, निवृत्त होईन पण जाणार नाही. शेवटी गेला. लेकर्सच्या जेरी वेस्टना कोबी तर हवा होताच, पण दिवाचचा पगार हिशेबातून गेला म्हणून शकील ओनीलसाठीही जागा झाली. एका माणसाला हलवून दोघांची सोय.

बरं, हॉर्नेट्स बुडाले म्हणावं तर तेही नाही. दिवाच आला त्या 1996-97 च्या हंगामात ते 54 सामने जिंकले. त्याच मोसमात कोबी सामन्यामागे 7.6 गुण करत होता, आणि युटा जॅझविरुद्धच्या निर्णायक सामन्याच्या अखेरीस त्याचे चार फटके रिंगलासुद्धा लागले नाहीत. मे 1997 मध्ये हा लेख लिहिला असता, तर मी दिवाचच्या बाजूने लिहिला असता आणि मजकूर खणखणीत झाला असता.

पुढे दिवाच सॅक्रामेंटोला गेला. 2002 च्या विभागीय अंतिम फेरीत, लेकर्सविरुद्धच्या चौथ्या सामन्यात, शेवटच्या काही सेकंदांत कोबीचा फटका चुकला, ओनीलचाही चुकला, आणि दिवाचने चेंडू टोपलीपासून लांब टोलवला. हेच करायचं असतं, काही चुकलं नव्हतं. तो चेंडू नेमका थ्री-पॉइंट रेषेपाशी उभ्या असलेल्या रॉबर्ट ऑरीच्या हातात गेला आणि लेकर्स 100-99 असे जिंकले. मालिकाही सात सामन्यांत त्यांनीच घेतली. पुढे दिवाच त्याच सॅक्रामेंटोचा कारभारी झाला. 2018 मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड त्याच्या हातात होती. एका पोरासाठी ज्याला स्वतःला पारड्यात घातलं गेलं, तोच आता पोरं पारखायला बसला. त्याने मार्व्हिन बॅगली घेतला. तिसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच गेला.

यावर हसणारे पुष्कळ. मला हसू येत नाही. कोबी शार्लटमध्येही कोबीच झाला असता, हे कशावरून? लेनर्ड आणि जॉर्ज यांच्या मागे तिसरा होऊन राहिलेला गिलजस-अलेक्झांडर असाच फुलला असता? ओक्लाहोमा सिटीने त्याच्या हातात चेंडू दिला आणि हरण्याचीही मुभा दिली. ज्या सौद्यात त्याची किंमत ठरली त्याच सौद्याने ती बदलली. असं असेल तर कोणत्याही बाजूला शहाणं म्हणणं अवघड. आणि मुलाइतकाच पाळणाही बघावा म्हणावं, तर बॅगलीच्या पाळण्यात डॉन्चिचचं काय झालं असतं, याचा मला अंदाजही करता येत नाही. म्हणजे मी जिथून निघालो, त्याच्याही मागे जाऊन बसलो.

डॉन्चिचला अटलांटाने घेऊन लगेच डॅलसला दिलं. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने त्याला लेकर्सकडे पाठवलं आणि 31 वर्षांचा अँथनी डेव्हिस घेतला. डॉन्चिच 25 वर्षांचा, पाच वेळा लीगच्या पहिल्या संघात आलेला. यात होतकरू कोण आणि सिद्ध कोण, हे तुम्हीच ठरवा. डेव्हिसबरोबर डॅलसला मॅक्स क्रिस्टी मिळाला, आणि लेकर्सची 2029 सालची पहिल्या फेरीतली निवडही. त्या निवडीतून येणारा मुलगा सौद्याच्या दिवशी बहुधा शाळेत होता. कोण जिंकलं हे विचारायची घाई असेल, तर निदान त्याचं नाव तरी जाहीर होऊ द्या.