गदा कोण हिसकावणार?

अजिंक्य मल्लाची सद्दी कोण संपवणार, हे भाकीत करायला अंगात बळ लागत नाही. बसायला ओटा आणि हातात चहाचा कप असला की पुरे. पनवेलजवळच्या आमच्या ओवे गावात तरी तसेच आहे. विजय चौधरीने 2014 आणि 2015 साली महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली, तेव्हा ओट्यावर रोज नवा पैलवान उभा राही. कुणी उंची मोजी, कुणी वजन, कुणी खुराकातले बदाम! 2016 साली पुण्यात अभिजीत कटकेला हरवून विजयने तिसरी गदा घेतली, आणि हरलेल्याचे नाव ओट्यावरून पुसले गेले.

मी म्हटले, “पुढचा तोच!” सगळे हसले. 2017 साली भूगावात गदा अभिजीतनेच उचलली. 2023 च्या जानेवारीत हरलेल्या सिकंदर शेखनेही त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला आधीचा विजेता शिवराज राक्षे याला हरवले.

यात ज्योतिष कसले? जिंकणाऱ्याचे वर्ष सत्कारांत जाते. हरणाऱ्याला रात्री झोपेतही तोच एक डाव दिसत असतो.

गेल्या जत्रेत माझा पुतण्या चीत झाला. वहिनींनी त्याचा लंगोट पेटीत टाकला, वर कुलूप! मी त्यांना ही सारी वंशावळ ऐकवली. त्या काहीच बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी परसातल्या दोरीवर, धुतलेला, तो लंगोट वाळत होता.