बदली झाली, वायफायचा करार राहिला

यंदा माझी बदली झाली. चंद्रपूरहून थेट आलापल्लीच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्याच्या आतल्या भागात. बँकेच्या नोकरीत हे चालायचंच. सामान बांधलं, दूधवाल्याचा हिशेब केला, किराण्याची उधारी मिटवली. राहिलं फक्त वायफाय.

पाच महिन्यांपूर्वी मुलीच्या अभ्यासासाठी कनेक्शन घेतलं होतं. राउटर फुकट, जोडणी फुकट. अट एकच, बारा महिने चालवायचं. बंद करायला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, नव्या पत्त्यावर शिफ्ट करून देतो." मी पत्ता सांगितला. ती जरा थांबली. "सर, तिथे आमची सेवा नाही." आणि लगेच पुढे, "मुदतीआधी बंद केलं तर 2,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटी, असे 2,360 भरावे लागतील."

म्हणजे मी जातोय तिथे यांना येता येत नाही, आणि दंड मात्र मी भरायचा!

अब्बांना सांगितलं. त्यांनी आयुष्यभर दुकान चालवलं, दिलेला शब्द कधी फिरवला नाही. ते म्हणाले, "दस्तखत किया है ना बेटा? फिर देना पडेगा." मी गप्प बसलो. चिडलो होतो, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सही माझीच होती. वाचली नव्हती, हा दोषही माझाच.

रात्री मात्र विचार आला, की शब्द पाळायचा म्हणजे नेमकं किती द्यायचं? आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करार मोडला तर वाजवी भरपाई द्यावी. करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. तो आकडा जसाच्या तसा वसूल करायचा हक्क नव्हे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणाऱ्या कराराला अनुचित म्हटलं आहे. मी तर बँकवाला. गृहकर्ज लवकर फेडणाऱ्याकडून बँकाही दंड घ्यायच्या. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवरचा तो दंड रिझर्व्ह बँकेने 2012 मध्ये बंद केला. त्यामुळे बँका काही बुडाल्या नाहीत.

मग रीतसर तक्रार केली आणि तिचा नंबर लिहून ठेवला. उत्तर तेच आलं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, पण तिच्या 2012 च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत अपील प्राधिकारी असतो. त्याला लिहिलं, राउटर चांगल्या स्थितीत परत देतो. वायर आणि मजुरीचा खर्च सांगा, तो देतो. तिथेही जमलं नसतं तर ग्राहक आयोग होताच. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. बदली झालेल्या माणसाला हा मोठा आधार.

तेवढी वेळ आली नाही. राउटर परत घेतला आणि 590 रुपयांचं बिल आलं. मी लगेच भरलं. अब्बा म्हणाले, "ये ठीक हुआ. मेहनत का पैसा दे दिया."

आता इथे आलोय. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. आष्टीला वैनगंगा ओलांडली की जंगल दाट होत जातं आणि फोनवरच्या रेघा कमी होत जातात. पहिल्याच आठवड्यात एक माडिया आजी पेन्शनचे पैसे काढायला आली. पहाटे निघाली होती, बराचसा रस्ता पायी. लिंक नव्हती. मी तिला म्हणालो, "आजी, उद्या या." ती काही बोलली नाही. पिशवी उचलली आणि निघाली.

मी बारा महिने थांबलो नाही म्हणून माझ्याकडे 2,360 रुपये मागितले गेले. तिचा गेलेला दिवस कुठल्या कलमात बसतो? तिने कुठल्याच करारावर सही केलेली नाही, तरी दंड रोज तीच भरते आहे. आणि काउंटरच्या या बाजूला, "लिंक नाही" म्हणणारा आता मी आहे.