एनआरव्ही अडकला, तोही अंतराळात

माल घेऊन अंतराळ स्थानकाकडे निघालेल्या यानाचा थ्रस्टर बिघडला, तर दुरुस्तीला कोणी जात नाही. यानात माणूसच नसतो. खाली आमच्यासमोर असतात ते नुसते आकडे: टाकीतला दाब, व्हॉल्व्हचं तापमान, ज्वलनकक्षातला दाब आणि यान कुठल्या बाजूला किती वळलं याची जायरोनं दिलेली नोंद. एवढ्यावरून रोग ओळखायचा आणि औषधही इथूनच द्यायचं. औषध तरी काय, तर व्हॉल्व्ह उघडायचा, मिटायचा, हीटर लावायचा किंवा यानाची एक बाजू उन्हाला धरायची. त्यापलीकडे हातात काही नाही.

हे आमच्या कोडोलीत समजावून सांगायला मला कधी जड गेलं नाही. वारणेकाठी ज्याची मोटर आहे, तो स्टार्टरच्या पेटीवरचा अँपिअरचा काटा बघून बसल्या जागी सांगतो. काटा नेहमीपेक्षा खाली असेल तर पंपानं पाणी सोडलंय, वर चढला असेल तर कुठंतरी जाम आहे. पंप खोलायचा तो त्यानंतर. आमचंही काम तेच, फक्त पंप खोलायची सोय नाही.

थ्रस्टर तसा साधा असतो. एका बाजूनं इंधन, मोनोमिथाइल हायड्रॅझिन. दुसऱ्या बाजूनं ऑक्सिडायझर, नायट्रोजन टेट्रॉक्साइड. दोघांची गाठ पडली की ठिणगीशिवाय पेटतात. टाकीतून त्यांना रेटायला हेलियमचा दाब असतो. हेलियमच्या नळीत एकेरी वाटेचा व्हॉल्व्ह बसवतात, म्हणजे आपला एनआरव्हीच. वाफा उलट्या चढून दोन्ही द्रवांची भेट नळीतच होऊ नये, यासाठी तो लागतो. असे थ्रस्टर आपल्याकडेही बनतात. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातून ते इस्रोला जातात. भानगड निघते ती बहुतेक वेळा ऑक्सिडायझरच्या अंगाला. ओलावा लागला की त्याचं नायट्रिक आम्ल होतं आणि ते धातू खातं. शिवाय उणे 11 अंशांच्या आसपास ऑक्सिडायझर गोठतो. इंधन उणे 52 पर्यंत तग धरतं. त्यामुळे हीटर गेला की पहिला संशय कुणावर घ्यायचा, हे आमच्यात ठरलेलं असतं.

या धंद्यातलं माझं आवडतं प्रकरण 1 मार्च 2013 चं. स्पेसएक्सचं ड्रॅगन यान रॉकेटपासून सुटलं आणि त्याच्या 18 ड्रॅको थ्रस्टरच्या चार गटांपैकी एकच गट जागा झाला. उरलेल्या तीन गटांच्या ऑक्सिडायझर टाक्यांत पुरेसा दाब नव्हता, म्हणून यानावरच्या संगणकानं ते पेटूच दिले नाहीत. स्थानकाजवळ जायचं तर किमान तीन गट चालू हवेत, असा नासाचा नियम. कक्षेची खालची बाजू जेमतेम 200 किलोमीटर उंचीवर. वर ढकललं नाही तर काही दिवसांत यान वातावरणात शिरून जळणार. त्यात यान वाटेल तसं गडगडत होतं, त्यामुळे संपर्क धड टिकत नव्हता.

अशा वेळी मी आधी साक्षीदारावर संशय घेतो, म्हणजे सेन्सरवर. पण तीन टाक्यांचे तीन सेन्सर एकाच क्षणी एकच खोटं कसं बोलतील? गळती म्हणावी, तर तीन ठिकाणी एकदम गळती लागणंही तितकंच अवघड. मग उरतं ते तिन्हीकडे सारखं असलेलं काहीतरी, हेलियमच्या वाटेतलं. निघालंही तेच. एनआरव्ही अडकले होते. स्पेसएक्सच्या लोकांनी त्याच दिवशी नवं सॉफ्टवेअर लिहिलं, अमेरिकी हवाई दलाच्या ताकदवान अँटेना मागून घेतल्या आणि आदेश वर चढवले: व्हॉल्व्हच्या अलीकडं दाब साठवा आणि एकदम सोडा. त्या दणक्यानं व्हॉल्व्ह मोकळे झाले. काही तासांत चारही गट चालू झाले आणि 3 मार्चला, एक दिवस उशिरा, यान स्थानकाला लागलं. पुरवठादारानं व्हॉल्व्हमध्ये बारीकसा बदल केला होता, असं कारण पुढं इलॉन मस्क यांनी सांगितलं. ‘बारीकसा बदल’ हे शब्द कानावर आले की मी आजही खुर्चीत सरळ होऊन बसतो.

त्या दणक्याचं कौतुक फार झालं. मला जास्त कौतुक आहे ते थ्रस्टर पेटू न देणाऱ्या संगणकाचं. अर्ध्या दाबावर पेटवले असते तर मिश्रणाचं प्रमाण बिघडलं असतं, आणि मग दणका द्यायला काही शिल्लक राहिलं असतं की नाही, देव जाणे.

अर्थात, राखणदार फार भित्रा असला तरी पंचाईत होते. सप्टेंबर 2025 मध्ये सुमारे पाच टन माल घेऊन निघालेल्या सिग्नस यानाचं मुख्य इंजिन ठरल्या वेळेआधीच बंद पडलं. इंजिनात खोट नव्हती; सॉफ्टवेअरमधली धोक्याची रेघच फार आखडती आखली होती. इथंही एक दिवसाचा उशीर झाला.

मंगळयानाचा किस्सा याहून मासलेवाईक. 11 नोव्हेंबर 2013 ला कक्षा उंचावताना वेगात सेकंदाला 130 मीटरची भर पडायला हवी होती, पडली फक्त 35 ची. पर्यायी यंत्रणा चालते का हे त्या वेळी तपासत होते. व्हॉल्व्हची मुख्य आणि राखीव अशा दोन्ही कॉइलना एकदम वीज दिली आणि इंधनाचा प्रवाहच थांबला. प्रत्येक कॉइल एकेकटी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी उरलेला धक्का देऊन कक्षेचं लांबचं टोक 1,18,000 किलोमीटरच्या पुढं नेलं.

आमच्या धंद्यातलं खरं दुखणं मात्र पुराव्याचं आहे. सिग्नस आणि रशियाची प्रोग्रेस यानं काम संपलं की वातावरणात जळतात. बिघडलेला थ्रस्टर उघडून बघायला मिळतच नाही. ड्रॅगन परत येतं, तो अपवाद. सुनीता विल्यम्स ज्यातून गेल्या ते स्टारलाइनर मालवाहू नव्हे, पण 2024 मध्ये त्याचे 28 पैकी पाच थ्रस्टर स्थानकाजवळ पोचताना रुसले. नासानं तसाच थ्रस्टर व्हाइट सँड्सच्या चाचणी केंद्रात जमिनीवर पेटवून तापवला, तेव्हा व्हॉल्व्हमधलं टेफ्लॉनचं सील फुगून ऑक्सिडायझरची वाट अडवताना दिसलं. कक्षेतल्या थ्रस्टरमध्ये हेच झालं का, याची खात्री करायला ते थ्रस्टर राहिलेच नाहीत. यान रिकामं उतरलं, आणि थ्रस्टर ज्या भागात होते तो भाग वाटेत सोडून दिला.

म्हणून माझं एकच भांडण असतं: प्रत्येक थ्रस्टरच्या ज्वलनकक्षात दाबाचा सेन्सर हवा. जानेवारी 2025 मध्ये आपल्या एनव्हीएस-02 उपग्रहाचे ऑक्सिडायझरचे व्हॉल्व्ह उघडलेच नाहीत आणि तो लांबट कक्षेतच राहिला. अशा वेळी आदेश गेला, वीज पोचली, व्हॉल्व्ह हलला, दाब चढला, यातल्या कुठल्या पायरीवर गाडी अडली, हे वेगवेगळं कळायला हवं. वजनाचा हिशेब ठेवणारे यावर नाक मुरडतात. सेन्सर आला की तार आली, तार आली की जोडणी आली, आणि जोडणी हीच बिघाडाची नवी जागा. त्यांचंही खोटं नाही. पण निदान प्रत्येक गटात एक तरी सेन्सर द्या, एवढ्यावर मी तडजोडीला तयार असतो.