आईसोबत ज्ञानगंगेच्या रानात



गेल्या मार्च महिन्यात सहकुटुंब ज्ञानगंगा अभयारण्य पाहण्याचा योग आला. सोबत पत्नी, शाळकरी मुलगी आणि सत्तरीला टेकलेली आई होती. आईचे माहेर याच डोंगराच्या कडेचे, म्हणून तिला आग्रहाने नेले.

खामगावहून बुलढाण्याच्या एस.टी.ने निघून बोथ्याला उतरलो. तिकीट काढले, वाटाड्या घेतला आणि जीपने आत शिरलो. 1997 साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे 205 चौरस किलोमीटरचे आहे. पावसाळ्यात हिरवेगार असणारे हे रान मार्चमध्ये वाळवंटासारखे भकास दिसते. सागाची पाने गळालेली, नाले कोरडे. रोही दिसले. अस्वलांसाठी हे रान प्रसिद्ध, पण अस्वल दिसले नाही. मोह गळू लागला की पहाटे अस्वल झाडाखाली येते, आणि गरीब माणूसही त्याच वेळी टोपले घेऊन येतो. मग हल्ले होतात.

अजिंठ्याच्या या डोंगररांगेत पाण्याच्या दोन वाटा होतात. ज्ञानगंगा उत्तरेकडे पूर्णा नदीला मिळते. पैनगंगा याच जिल्ह्यात उगम पावून पूर्वेकडे जाते आणि पुढे महाराष्ट्र-तेलंगणाची सीमा होते. त्या सीमेजवळच्या टिपेश्वरच्या जंगलातून 2019 साली एक तरुण वाघ निघाला. गळ्यात पट्टा असल्याने त्याचा माग लागत होता. तेलंगणात जाऊन तो परतला आणि 1,300 किलोमीटरहून अधिक चालून त्याच वर्षअखेर ज्ञानगंगेत पोहोचला.

वाटाड्याची ही हकिकत ऐकून आई म्हणाली, "वाघाले कोनी हद्द नाई इचारली. मले मात्र इचारली होती."

मग तिने नातीला सांगितले. बारा वर्षांची असताना ती येथे मोह वेचत होती. एका पहारेकऱ्याने टोपले मातीत उपडे केले. त्या रात्री घरात चूल पेटली नाही. आज त्याच रानात ती तिकीट काढून आली होती.

बंधूंनो, 2006 च्या वनहक्क कायद्याने मोहफुले, तेंदूपाने गोळा करण्याचा हक्क मान्य केला आहे. तो अभयारण्यालाही लागू आहे. मात्र आदिवासी नसलेल्या कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास आणि जंगलावरील उपजीविका दाखवावी लागते. भूमिहीनाच्या घरी इतका जुना कागद कोठून येणार? पण नियमांत दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी निवेदनही पुरावा धरले आहे. एकाहून अधिक पुरावे लागतात, त्यांपैकी हा एक. दावा ग्रामसभेकडे द्यायचा असतो.

परतताना एस.टी.त मुलीने वही काढली. आईने आपल्या लहानपणी मोह वेचणाऱ्या घरांची एकेक नावे सांगितली. खामगाव येईपर्यंत दोन पाने भरली. आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांजवळही अशी नावे असतील. ती आजच लिहून घ्या.